काठीला भिणारी भुरी काठी उचलायला शिकली

आमच्या ताईच्या हातातली काठी दिवसातून पाच-सहा वेळा तरी पडते. धडधाकट माणसाला वाटेल, पडली तर उचलावी. पण ताईला सिकलसेल आहे आणि त्या आजाराने तिचा उजवा खुबा निकामी केला आहे. तिला वाकता येत नाही, वाकली तर उठता येत नाही. काठी पडली की ती भिंतीला हात टेकून उभी राहते आणि कुणाला तरी हाक मारते. घरात कुणी असलं तर ठीक. पण बार्शीटाकळीत सोयाबीन सोंगणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरं रिकामी असतात. एकदा ती न्हाणीच्या दारात पाऊण तास तशीच उभी होती. मी आलो तेव्हा म्हणाली, "दुखणं सहन होते बापू. पण दर वेळी हाक मारा लागते ना, ते नाई सहन होत."

या लेखात त्या हाकेवर आम्ही शोधलेला एक उपाय सांगतो. औषध नाही, ऑपरेशन नाही. घरातली गावठी कुत्री, ज्वारीच्या भाकरीचे तुकडे आणि चार महिन्यांचा धीर.

आधी आजाराबद्दल थोडं. सिकलसेलमध्ये रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाचा जो गोळा खुब्यात फिरतो, त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच बारीक. त्या तुंबल्या की गोळ्याचं हाड हळूहळू मरतं. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. विदर्भात हा आजार आदिवासी बांधवांत आहे तसा आपल्या समाजातही आहे, आणि लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घ्यावं हे या पानाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली, त्यांत सिकलसेलही आहे. ज्यांनी अजून प्रमाणपत्र काढलं नसेल त्यांनी काढून घ्यावं.

आता कुत्र्याकडे येतो.

दिव्यांग माणसाला रोजच्या कामात मदत करायला शिकवलेल्या कुत्र्याला सहाय्यक श्वान म्हणतात. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबर्गला वाट दाखवणारे कुत्रे तयार करण्याची शाळा निघाली. जर्मनीतल्या अशा कुत्र्यांवरचा एक लेख १९२७ साली अमेरिकेत छापून आला. तो मॉरिस फ्रँक नावाच्या अंध तरुणाला घरच्यांनी वाचून दाखवला. त्याने लेखिका डोरोथी युस्टिस यांना पत्र लिहिलं, स्वित्झर्लंडला जाऊन त्यांच्याकडे शिकला आणि १९२८ साली 'बडी' नावाची कुत्री घेऊन घरी परतला. पुढच्याच वर्षी दोघांनी मिळून अमेरिकेत 'द सीइंग आय' ही संस्था उभी केली. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांना वस्तू उचलून देणारे, दार उघडणारे कुत्रे १९७५ नंतर बॉनी बर्गिन यांच्या प्रयत्नांतून पुढे आले. ऐकू न येणाऱ्यांना दाराची कडी वाजल्याचं अंगाला नाक लावून सांगणारे कुत्रेही असतात.

संस्थेने तयार केलेला असा कुत्रा मिळायला तिकडेही बरीच वाट पाहावी लागते. म्हणून तिथे अनेक जण आपला कुत्रा आपणच तयार करतात. अमेरिकेतल्या १९९० च्या दिव्यांग कायद्याखाली ते चालतं, कुठल्या संस्थेचा शिक्का लागत नाही. ब्रिटनमध्ये 'डॉग एड' नावाची संस्था दिव्यांग माणसालाच त्याचा पाळीव कुत्रा शिकवायला मदत करते. आपल्याकडे पुण्या-मुंबईत 'ॲनिमल एंजल्स फाउंडेशन' २००५ पासून काम करते, पण ते उपचारासाठी भेटीला नेल्या जाणाऱ्या कुत्र्यांचं. विशेष मुलांच्या शाळेत किंवा दवाखान्यात जाऊन मनाला उभारी देणारा कुत्रा वेगळा आणि घरात राहून काठी उचलून देणारा वेगळा. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावी दुसरा हवा असेल तर तो स्वतःच शिकवावा लागतो.

"कुत्रं घरात घेतलं काय?"

भुरी आमच्या गल्लीतलीच. दोनेक वर्षांची, अंगाने हलकी, कुणावर न धावणारी. ताई रात्री उरलेली भाकर टाकायची म्हणून आमच्या ओसरीवर येऊन झोपायची. तिला घरात घ्यायचं ठरलं तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, "आपल्या बापजाद्यांले लोकायनं कुत्र्याच्या खाली धरलं, अन् तुमी कुत्रंच घरात घेतलं काय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि आपल्या माणसांना बंदी होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी त्या तळ्याचं पाणी ओंजळीने घेतलं ते याच अपमानाविरुद्ध. कुत्र्याचं नाव निघालं की आपल्या जुन्या माणसांच्या मनात ती सल उठते. मी मावशींना उत्तर दिलं नाही, एक फोटो दाखवला. फेब्रुवारी १९३४, दादरचं राजगृह. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव, आणि त्यांच्यासोबत घरचा लाडका कुत्रा टॉबी. फोटो आपल्या कितीतरी घरांत आहे, पण टॉबीकडे कुणाचं लक्ष जात नाही. मावशींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "बाबासाहेबायच्या घरी व्हता म्हणता?" दुसऱ्या दिवशीपासून भुरीसाठी शिळी भाकर त्यांच्याकडून येऊ लागली.

खरी अडचण पुढेच होती. भुरी काठीला भीत होती. गल्लीतल्या कुत्र्याने आयुष्यभर काठी पाहिलेली असते ती स्वतःच्या पाठीवर. ताईने काठी नुसती टेकवली तरी भुरी शेपूट पायात घालून अंगणाबाहेर. आणि आम्हाला शिकवायचं होतं ते नेमकं काठी तोंडात धरून आणून द्यायला. "हिले हाणून शिकवता येत नाई," ताई म्हणाली, "हाणाची वस्तूच हिले आणून द्याची हाये."

टक् आणि तुकडा

बक्षीस देऊन शिकवण्याची पद्धत सोपी आहे. कुत्र्याने जे केलेलं आपल्याला हवं, ते करताक्षणी त्याला कळवायचं की 'हेच', आणि लगेच खायला द्यायचं. ज्या कामाने फायदा होतो ते काम प्राणी पुन्हा करतो. 'हेच' कळवायला परदेशात प्लास्टिकचं एक टकटक वाजणारं खेळणं वापरतात. आम्ही जिभेने टाळूवर 'टक्' असा आवाज काढला. शब्दही चालतो, पण तो एकच हवा, छोटा हवा आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायला हवा.

पहिले दोन-तीन दिवस काहीच शिकवायचं नाही. टक्, तुकडा. टक्, तुकडा. दहा-बारा वेळा, पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. रोजच्या सरावाला भाकर, अवघड गोष्टीला उकडलेल्या अंड्याचा किंवा कोंबडीच्या काळजाचा कण. जेवढं शिकवताना दिलं तेवढं तिच्या जेवणातून कमी करायचं. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात, म्हणून कांद्याची भाजी लागलेली भाकर देऊ नये. टक् ऐकून कुत्रं वळून हाताकडे पाहू लागलं की त्याला आवाजाचा अर्थ कळला.

मग काठी. आम्ही ती ओसरीच्या एका कोपऱ्यात आडवी ठेवून दिली आणि कुणीही हात लावायचा नाही असं ठरवलं. भुरी लांबून तिच्याकडे पाही. पाहिलं की टक्, आणि तुकडा भुरीच्या बाजूला टाकायचा, काठीच्या बाजूला नाही. इथे लोक चुकतात. काठीजवळ तुकडे टाकून कुत्र्याला ओढत नेलं तर भूक आणि भीती यांच्या ओढाताणीत ते आणखी बिथरतं. जवळ जायचं की नाही हे त्याला ठरवू द्यायचं. सहाव्या दिवशी भुरी स्वतःहून काठीचा वास घेऊन आली. त्या टक्ला ताईने तीन तुकडे दिले.

त्यानंतर पायऱ्या बारीक केल्या. काठीला नाक लागलं, टक्. तोंड उघडलं, टक्. दात लागले, टक्. काठी गुळगुळीत ॲल्युमिनियमची, दातांना नको वाटणारी. म्हणून मधोमध जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळली. तोंडात धरायचं मात्र आधी काठीवर शिकवलं नाही. त्यासाठी वीतभर तुऱ्हाटी घेतली, तीही चिंधी गुंडाळून. एक क्षण धरली, टक्. दोन क्षण, टक्. पाचावर गेलो आणि भुरीने टाकून दिली, तर परत दोनवर. कुत्रं दोन-तीनदा लागोपाठ चुकलं तर पायरी उंच झाली, इतकाच त्याचा अर्थ. रागावायचं कारण नाही, खाली उतरायचं.

हातात देणं हे शेवटचं काम, पण आम्ही ते आधी शिकवलं. ताई खुर्चीवर, हात पुढे, भुरीच्या तोंडात तुऱ्हाटी. हातात पडली की टक्. मग एका पावलावरून, दोन पावलांवरून, ओसरीच्या टोकावरून. शेवट पाठ असला की कुत्रं प्रत्येक वेळी माहीत असलेल्या, खाऊ मिळणाऱ्या जागेकडे धावतं. तोंडातली वस्तू ओढून कधीच घ्यायची नाही. ओढली की खेळ सुरू होतो आणि मग ते वस्तू घेऊन अंगणभर पळतं. तुकडा दाखवायचा, बदली करायची.

'काठी' हा शब्द आम्ही सगळं जमल्यावर लावला. कुत्रं काम न करताच आपण दहा वेळा "काठी, काठी" ओरडलो तर तो शब्द त्याच्यासाठी पंख्याच्या आवाजासारखा होतो.

एक मोठी चूक माझी झाली. पहिला महिना हौसेने मीच शिकवलं. भुरी काठी झकास उचलायला लागली आणि आणून देई ती मला. ताई भिंतीला टेकून उभी, आणि भुरी काठी घेऊन माझ्याकडे शेतात निघालेली. जो पगार देतो त्याचंच काम कुत्रं करतं. मग तुकड्यांची पिशवी ताईच्या कमरेला आली आणि मी ओसरीवरून उठलो. तिचं सगळं पुन्हा जमायला महिना गेला. म्हणून ज्याला मदत हवी त्यानेच पहिल्या दिवसापासून शिकवावं, बसून, पडून, जसं जमेल तसं. घरच्यांनी फक्त वस्तू मांडून द्याव्यात.

पगार हा शब्द मी मुद्दाम वापरला. "आता शिकली ना, आता कशाला खायला देता?" असं लोक विचारतात. दर वेळी द्यावं लागत नाही. कधी तुकडा, कधी पाठीवरून हात, कधी दोन-तीन तुकडे. पण अजिबात बंद केलं तर महिनाभरात काम सुटतं. फुकट राबवून घेणं म्हणजे काय हे आपल्याला दुसऱ्यांनी सांगायला नको. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं ते त्यासाठीच. माणसाची आणि कुत्र्याची बरोबरी मी करत नाही. वेठीला ठेवलेला जीव काठी दिसेपर्यंतच काम करतो, एवढंच.

याला अभ्यासाचाही आधार आहे. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांची पाहणी २०२० साली प्रसिद्ध केली. जिथे झटके देऊन, दरडावून शिकवत तिथल्या कुत्र्यांत शिकताना ताणाच्या खुणा जास्त दिसल्या आणि लाळेतलं ताण दाखवणारं संप्रेरकही जास्त वाढलेलं होतं. अमेरिकेतल्या प्राणीवर्तन पाहणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये बक्षिसाचीच पद्धत वापरा असं स्पष्ट सांगितलं.

आमच्या विहारात हा विषय निघाला तेव्हा एका उपासकांनी अंगुत्तर निकायातल्या केसी सुत्ताची आठवण दिली. केसी हा घोडे शिकवणारा. भगवंतांनी त्याला विचारलं, घोडा कसा शिकवतोस? तो म्हणाला, काहींना मवाळपणे, काहींना कठोरपणे, काहींना दोन्हींनी, आणि न शिकणाऱ्याला मारून टाकतो. भगवंत म्हणाले, मीही माणसांना तसंच शिकवतो. हे ऐकून काही जण चपापले. पण पुढे वाचलं की कळतं, भगवंतांचा कठोरपणा म्हणजे वाईट वागण्याचं फळ काय ते उघड सांगणं आणि 'मारणं' म्हणजे त्याला बोलण्यायोग्य न समजणं. हातात काठी कुठेच नाही. कुत्र्यालाही आम्ही तेवढीच शिक्षा केली. भुरी अंगावर उड्या मारायला लागली की ताई तोंड फिरवते आणि गप्प बसते.

दवाखान्याचं आधी

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी कृपया वाचा. सिकलसेलच्या रुग्णांनी तर नक्कीच.

सिकलसेलमध्ये प्लीहा, म्हणजे पोटाच्या डाव्या बाजूची पानथरी, बहुतेकदा लहानपणीच निकामी होते. ज्याची प्लीहा काम करत नाही त्याला कुत्र्याच्या लाळेतल्या काही जंतूंपासून, साध्या ओरखड्यातूनही, रक्तात पसरणारा गंभीर संसर्ग होऊ शकतो. म्हणून कुत्रं घरात आणण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. पायावर जखम असेल तर ती झाकलेली हवी, कुत्र्याने चाटता कामा नये. दात किंवा नख लागलं तर ताप येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताईच्या डॉक्टरांनी हे बजावल्यावरच भुरी उंबऱ्याच्या आत आली. तुकडा देऊन झाल्यावर साबणाने हात धुणं हाही तिच्या शिकवणीचा भाग आहे.

कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना-तिखट काही लावायचं नाही आणि लगेच रेबीजची लस सुरू करायची. आपलंच कुत्रं आहे, लस दिलेली आहे, म्हणून घरी बसायचं नाही, डॉक्टरांना ठरवू द्या.

कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी दरवर्षी. शिवाय जंतांचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त आणि नसबंदी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न जमणारं काही असेल तर अकोल्याला पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे, वीसेक किलोमीटरवर.

कुत्रं निवडताना जात पाहू नका (हे वाक्य लिहिताना मला हसू आलं). लॅब्राडोर आमच्या उन्हात धापा टाकतं आणि त्याचा खुराकही परवडत नाही. गावठी कुत्रं चपळ, काटक असतं. पाहायचा तो स्वभाव. माणसाजवळ स्वतःहून येणारं, खाण्याची आवड असणारं, भांडं पडल्यावर दचकलं तरी लगेच सावरणारं हवं. चावरं किंवा सतत लपणारं घेऊ नये.

काही कामं त्याच्याकडून घेऊ नयेत. भुरी जेमतेम पंधरा किलोची असेल. तिच्या पाठीवर भार देऊन उठायचा प्रयत्न केला तर तिची पाठ जाईल आणि आपणही पडू. साखर कमी झाली की कुत्रं ओळखतं, फिट येण्याआधी सांगतं, असं ऐकायला मिळतं. काही कुत्र्यांना जमत असेलही, पण त्या भरवशावर तपासणी किंवा गोळी टाळू नये. आपल्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवून पाहावी, हाताला सोसत नसेल तर कुत्र्याच्या पंजालाही सोसत नाही. शिकवताना ते सारखं जांभया देऊ लागलं, ओठ चाटू लागलं, तोंड वळवू लागलं तर ते थकलं आहे. तिथेच थांबावं.

बाहेरगावी मात्र भुरी ताईसोबत जाऊ शकत नाही. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर पहिल्या वर्गाच्या एसीत आपल्यापुरती राखलेली कुपे हवी, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. बार्शीटाकळीहून अकोल्याला दवाखान्यात जाणाऱ्या बाईला दोन्हींचा उपयोग नाही. अंध माणसासोबत कुत्रं असलं तरी त्याला कुठे आत घ्यायचं यावर आपल्याकडे दारोदारी वाद घालावा लागतो. दिव्यांगांच्या संघटनांनी रॅम्प आणि राखीव आसनांसोबत हीही मागणी लावून धरायला हवी. तोवर भुरी घर, अंगण आणि विहारापर्यंतच्या गल्लीपुरती.

तेवढ्यात तिचं भागतं. सोंगणीच्या दुपारी ताई आता एकटी असते. काठी पडते, ती "काठी" म्हणते, चिंधीवर दात रोवून भुरी ती उचलते आणि हातात देते. टक् ऐकू येतो. टॉवेल आणि मोबाइलही उचलून देते, मोबाइलला लाळ लागते ही तक्रार वेगळी.

सध्या एक नवीन अडचण आहे. पौर्णिमेला ताई विहारात जाते तेव्हा भुरी बाहेर चपलांपाशी बसते. मागच्या पौर्णिमेला वंदना संपवून सगळे बाहेर आले तर तीन म्हाताऱ्यांच्या काठ्या जागेवर नव्हत्या. तिन्ही ताईच्या चपलांवर रचून ठेवलेल्या, आणि भुरी शेजारी बसून तुकड्याची वाट पाहत होती. सांगितल्याशिवाय उचलायचं नाही, हा धडा आम्ही या आठवड्यापासून सुरू केला आहे.